लाल शिक्का

जुनी पानं फाडून टाकता येतात, किस्से नाही. आमच्या दोन विमानांच्या कंपनीत अकरा वर्षं काढली, आता ते डोक्यात नुसते साचलेत.

माझं काम चार्टांचं. ढगातून उतरताना पायलटने किती खाली यायचं, हे त्या पानावर छापलेलं असतं. दर चार आठवड्यांनी नवी पानं येतात. जुनं काढायचं, त्यावर लाल शिक्का मारायचा ‘रद्द’, नवं लावायचं आणि सही करायची. काही घडलं की पहिली मान माझी!

कट्टा गावात एका लग्नात मावशीने विचारलं, काय करतेस? सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे कागद बदलतंस. आणि ह्येचो पगार गावता गो तुका?”

मॅनेजरसाहेबांचंही मत तेच. एकदा यादी घेऊन बसले आणि आपण जात नाही त्या विमानतळांचे चार्ट खोडत सुटले. मी म्हटलं, साहेब, इथे ढग उतरले तर विमान तिकडेच न्यावं लागेल. “ढग आल्यावर बघू,” म्हणाले. त्यांनी कधी बघितलं नाही. मीच भांडून ते चार्ट परत मागवले.

आमचा शिपाई दुमिंग. नव्या पानांचं पाकीट साहेबांच्या टेबलावर आठ दिवस तसंच पडलेलं. त्याला वाटलं रद्दी. त्याची मेहुणी तोंडवलीला मासे तळून विकते, तिच्याकडे पोचवलं. रविवारी आमचे कॅप्टन तिथे गेले, तर बांगडा चार्टावर! ते तेल पुसून तारीख वाचत बसले. सोमवारी म्हणाले, “माझ्या विमानातल्यापेक्षा मासेवालीचा चार्ट नवा आहे.” सगळे हसले. बोलणी मी खाल्ली.

हेच कॅप्टन मला ‘कागदवाली’ म्हणायचे. मागच्या वर्षी डोंगरावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला. नव्या पानावर उतरण्याची उंची वाढली. मी पान बदललं, कॅप्टनची ‘वाचलं’ म्हणून सही घेतली. त्यांनी सही केली, पण जुन्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला. जुन्याने आणखी खाली येता येतं, माघारी फिरावं लागत नाही ना!

श्रावणात ढग खाली होते, आत सहा प्रवासी. कॅप्टन फोटो बघून उतरले. टॉवर पंखापासून हातभर अंतरावरून गेला. उतरल्यावर ते विमानाभोवती फेऱ्या मारत पंखाला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी माझ्या हातात मेमो ठेवला. चार्ट अद्ययावत ठेवण्यात हयगय केली, नोकरीवरून का काढू नये? कॅप्टननीच सांगितलं होतं की विमानात जुनं पान होतं.

माझ्या अंगाची आग झाली. विमानातली फाइल आणून दोघांसमोर उघडली. नवं पान, तारीख, माझी सही, खाली कॅप्टनची. कॅप्टन खिडकीबाहेर बघू लागले. साहेब खाकरले आणि म्हणाले, “तरीपण उत्तर लेखी द्या.”

मी मेमो टेबलावर सरळ केला, वर लाल शिक्का मारला, तारीख घातली, सही केली आणि दुमिंगच्या हातात दिला.

त्याने कागद बोटांनी चाचपून बघितला.

“बाय, ह्यो पातळ आसा,” तो म्हणाला. “बांगडो ऱ्हवाचो नाय ह्येच्यार.”