थडग्यांवरची शेते

मार्चमध्ये वेल्समधल्या एका चॅपलच्या विश्वस्तांनी दफनभूमीतले दगड हटवून हिरवळ करण्याचे ठरवले. मेमध्ये तिथल्या नगरपरिषदेने परवानगी दिली. दोघांनाही मी जबाबदार धरतो.

कुवेतमधल्या अबू हलीफातले माझे एक वेल्श शेजारी इमारतीच्या रखवालदारालाही आडनावाऐवजी आपल्या शेताचे नाव सांगतात. "निम्मं गाव जोन्स, वकीलसाहेब! आजोबा कोणते, ते थडग्यावर कोरलेल्या शेतावरूनच कळतं."

त्यांचे आजोबा त्याच दफनभूमीत आहेत, म्हणून विश्वस्तांनी दगडांऐवजी नुसत्या नावांची पाटी देऊ करून त्यांची संमती मागितली. एरवी लिफ्टमध्येही कुजबुजणारे हे गृहस्थ फोनवर कडाडले, "त्या पाटीवरच्या जोन्सांतला माझा आजोबा कोणता, ते बोट ठेवून दाखवा!"

पलीकडून फोन ठेवला गेला. विश्वस्तांनी उत्तर आता जाहीर सभेत, त्या दगडांसमोर उभे राहून द्यावे.