पप्पांचं लायसन

लर्निंग लायसनची परीक्षा मी घरीच लॅपटॉपवर दिली. पास झाले तेव्हा आई साखर घेऊन आली. पप्पा मात्र 'छान' म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मला ते खटकलं. सायकल, पोहणं, बँकेत चेक भरणं, सगळं मला पप्पांनी शिकवलेलं. गाडी तर त्यांच्या खास आवडीची. बोईसरच्या एमआयडीसीत त्यांनी सगळी नोकरी केली, आणि निवृत्ती दिसायला लागली तेव्हा कारखान्यातल्याच एकाची जुनी करडी गाडी घेतली. दर रविवारी ते ती स्वतः धुतात. त्यामुळे मी गाडी शिकते म्हटल्यावर ते लगेच किल्ली हातात देतील असं मी धरून चालले होते.

"क्लास लाव," ते म्हणाले.

"क्लास लावते. पण सराव तुमच्यासोबत करेन ना. शेजारी लायसनवाला माणूस बसला की चालतं. परीक्षेत प्रश्नच होता तो."

"माझी पाठ दुखते त्या सीटवर."

पाठ त्यांची कधीच दुखली नव्हती. शेजारची सीट तर चालवणाऱ्याच्या सीटसारखीच होती.

पहिल्यांदा वाटलं, मुलीने गाडी चालवावी हे त्यांना आवडत नसेल. पण मला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा शिफ्टमध्ये जाऊ द्यायला आई तयार नव्हती आणि तिची समजूत पप्पांनीच घातली होती. मग वाटलं, गाडीला ओरखडा पडेल म्हणून जीव जात असेल. तेही पटेना. मी एकदा सहज म्हटलं, "तुमचं लायसन दाखवा ना, कसं असतं ते बघू."

"गाडीत आहे."

संध्याकाळी गाडीत शोधलं. नव्हतं. "अरे हो, पाकिटात असेल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली सापडत नव्हती. माझ्या मनात नोंद झाली. हा माणूस विजेची जुनी बिलंसुद्धा एका हाकेत काढून देतो.

त्यानंतर मी त्यांच्याकडे लक्ष ठेवू लागले. आपल्याच बापावर नजर ठेवताना एक प्रकारची घाण वाटते, ती वाटत होती; तरी थांबता येत नव्हतं. आम्ही एकदा पालघरला निघालो होतो. उमरोळीच्या अलीकडे रस्त्यात पोलीस उभे दिसले, गाड्या बाजूला घेत होते. पप्पांनी लगेच गाडी कडेला घेतली आणि ताडगोळे विकणाऱ्या बाईपाशी उतरले. पप्पांना ताडगोळे आवडत नाहीत. बुळबुळीत लागतात म्हणतात. त्या दिवशी ते तिथेच उभं राहून सावकाश, एकेक सोलून खात राहिले. त्या बाईशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारल्या. पुढचे पोलीस जीपमध्ये बसून निघून गेले, तेव्हा रुमालाने हात पुसत ते म्हणाले, "चल, उशीर झाला."

आता माझं डोकं कुठल्या कुठे धावायला लागलं. डोळे गेले असतील का? मी त्यांना लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. खालचा बारीक मजकूरही त्यांनी वाचला. लपून पीत असतील का? गळ्यात पडून वास घेतला, साबणाचा होता. मग एका दुपारी गाडीच्या पुढच्या बंपरला आलेला जुना खड्डा मला दिसला. हा खड्डा कधीचा? विचारलं तर म्हणाले, "घेतानाच होता." बघायला कोण गेलं होतं?

आईला आडून विचारलं, "पप्पांचं लायसन कधीचं गं?"

"आमच्या लग्नाच्या आधीचं," आई म्हणाली. आवाजात चक्क अभिमान. "माझ्या काकांनी तेच विचारलं होतं. मुलगा बोईसरला एकटा राहतो, नोकरी अजून कायम नाही, म्हणून घरात कुरकुर होती. काका म्हणाले, मुलाकडे गाडीचं लायसन आहे, उपाशी नाही मरणार."

म्हणजे लायसन होतं. आता नाही. म्हणजे कुणीतरी काढून घेतलं. लायसन का काढून घेतात, हे मी नुकतंच अभ्यासलं होतं.

नवापूरला जाऊ या, असं मीच सुचवलं. आई तिच्या बहिणीकडे गेली होती. समुद्राजवळ सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. पप्पा उतरायला लागले तसा मी त्यांचा हात धरला.

"पप्पा, तुमच्या हातून कुणी गेलंय का?"

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा चेहरा उतरला. "वेडी झालीस का तू?"

"मग लायसन कुठे आहे?"

त्यांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवले. बाहेर वाळवायला टाकलेल्या बोंबलांचा वास अर्ध्या उघड्या काचेतून आत येत होता.

"नाहीये," ते म्हणाले. "काढलंच नाही कधी."

मी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, मोठी गोष्ट झाकायला हे छोटं पुढे केलंय. मी वकिलासारखे प्रश्न विचारले आणि ते शाळेतल्या मुलासारखी उत्तरं देत गेले. तरुणपणी ते एका ट्रकवर क्लीनर होते, गाडी तिथे शिकले. लग्न ठरत होतं तेव्हा टेस्टला गेले आणि मागे घेताना गाडी खांबावर घातली. त्याच संध्याकाळी आईचे काका बघायला आले. टेस्ट झाली का, त्यांनी विचारलं. झाली, म्हणाले. ते खोटं नव्हतं. काकांनी त्याचा अर्थ लावला, आणि पप्पांनी तो लावू दिला. पुढे कारखान्यात कायम झाले, लायसनचं काम पडलं नाही. गाडी घेतली तोवर घरातल्या सगळ्यांच्या लेखी ते लायसनवाले होते.

"तेव्हा काढायचं होतं ना."

"कसं काढणार? कार्ड पोस्टाने घरी आलं असतं. तुझ्या आईने उघडलं असतं."

मी किल्ली काढून घेतली. "ही गाडी आता इथून तुम्ही नेणार नाही."

"मग कोण नेणार? तू?"

दोघांनाही नेता येत नव्हती, म्हणजे कायद्याने. मला शिकवणारे क्लासवाले काका नवापूरचेच. त्यांना फोन केला, गाडी बंद पडलीय म्हणून सांगितलं, आणि किल्ली त्यांच्या घरी देऊन आम्ही रिक्षाने बोईसरला आलो. रिक्षात पप्पा एकदाच बोलले. "आईला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. पण लायसन काढेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी आणून लावली. बॉनेटवर हात ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. "गाडी तर एका सेल्फात चालू झाली. बंद कुठं पडली व्हती?"

मी म्हटलं, गरम झाली असेल. ते 'हां' म्हणाले, पण त्या 'हां'मध्ये काही दम नव्हता. आठवड्याभरात पप्पांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं, शिकाऊ लायसन काढलं आणि माझ्यासोबत क्लासला येऊन बसले, तेव्हा तर काकांचा संशय आणखी वाढला. पहिल्याच दिवशी पप्पांनी गाडी अशी उचलली की मागे बसलेल्या मला धक्कासुद्धा जाणवला नाही.

"साहेब, तुमाला तर गाडी येते," काका म्हणाले. "तुमी आरटीओचे तर नाय? आमचा क्लास बघायला आलाव?"

"नाही हो. लायसन नाही माझं."

"इतकी वर्सं चालवता नि लायसन नाय? मला नाय पटत."

मला आतून बरं वाटलं. विश्वास न बसलेली मी एकटीच नव्हते.

इकडे घरात आईचं लक्ष आमच्याकडे लागलं होतं. गाडी खाली कव्हर घालून उभी. आम्ही दोघं सकाळी एकत्र बाहेर पडायचो, वेगवेगळे परत यायचो. पप्पा बाजारात पायी जायला लागले होते. "डॉक्टरने सांगितलंय चालायला," ते म्हणायचे. आई मला स्वयंपाकघरात गाठून विचारायची, "त्यांना काय झालंय? साखर वाढलीय? हृदयाचं काही आहे?" मी नाही म्हणायचे. ती माझ्या डोळ्यांत बघत राहायची आणि मला भांडी घासायचं सुचायचं. ज्या नजरेने मी इतके दिवस पप्पांना बघत होते, तीच नजर आता माझ्यावर होती. ती सहन करणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा समजलं.

पप्पांसाठी मी माझी टेस्ट पुढे ढकलली. पालघरला आरटीओचा टेस्टचा कॅम्प होता. मैदानात क्लासच्या गाड्यांची रांग, ऊन वर आलेलं. माझा नंबर आधी आला. सावकाश, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी मान हलवली. उतरले तेव्हा पप्पा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या तळहाताला घाम होता.

मग ते बसले. गाडी सुंदर पुढे नेली, वळवली. मागे घेताना आरशात न बघता सवयीने दार किलकिलं करून डोकं बाहेर काढलं, साहेबांनी काहीतरी म्हटलं, ते गडबडले, आणि मागचं चाक रेषेवरून गेलं. गाडी तिथेच बंद पडली. ती पुन्हा चालू करायला त्यांना बराच वेळ लागला.

"पुन्हा या," साहेब पप्पांना शांतपणे म्हणाले.

परतीच्या वाटेवर पप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला खात्री होती, आता ते म्हणणार, घरी सांग की भाजी आणायला गेलो होतो. मी नाही म्हणायची तयारीही करून ठेवली. ते तसं म्हणाले नाहीत, आणि त्याचाही मला संशय आला.

आईने दार उघडलं. "कुठे गेला होतात दोघं?"

"टेस्टला," पप्पा चप्पल काढत म्हणाले. "ही पास झाली. मी नापास झालो."

"कसली टेस्ट?"

"गाडीच्या लायसनची."

आई हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "तुमचं तर आहे ना? काकांनी विचारलं होतं ते?"

"तेव्हाही नापासच झालो होतो."

आई आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा आवाज अगदी खालचा होता. "माझ्या आईला या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं आपण. ही दहावीला होती तेव्हा रोज सोडलंत. काही झालं असतं तर मी कुणाला विचारायचं होतं?"

पप्पांनी सबब सांगायचा प्रयत्नही केला नाही, हे बरं केलं. मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुला माहीत होतं."

काही दिवस ती ताट वाढायची आणि निघून जायची. एका सकाळी आम्ही क्लासला निघालो तर ती साडी बदलून दारात उभी. "मी येणार. खरंच तिथे जाता का, बघायचंय मला."

ती माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. काकांनी आरशातून तिला पाहिलं आणि पप्पांना हळूच म्हणाले, "आता चुकू नका हां साहेब." त्यानंतर ती रोज आली. पप्पा मागे घेताना ती पुटपुटायची, "आरसा." दुसऱ्या टेस्टलाही ती आली, मैदानाच्या कडेला उन्हात उभी राहिली, सावलीत ये म्हटलं तर आली नाही. पप्पा पास झाले. आई साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि तिने स्वतः विचारलं, "पास ना? नक्की?"

कार्ड पोस्टाने आलं तेव्हा तिने पाकीट उघडून दोन्ही बाजू वाचल्या, फोटो पप्पांच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला. मगच त्यांना दिलं.

याला आता वर्ष होत आलं. मी गाडीने कामावर जाते. रविवारी तिघं कुठे निघालो की आई अजून मला म्हणते, "तू चालव." पप्पा किल्ली माझ्या हातात देतात आणि शेजारी बसतात. मागच्या महिन्यात सफाळ्याला एका लग्नाला गेलो होतो. गावाबाहेर भातशेती संपते तिथे वळणावर एक तळं आहे, पांढऱ्या कमळांचं.

"हे कधी झालं?" पप्पा म्हणाले.

"पहिल्यापासून आहे," मागून आई म्हणाली. "तुमचं लक्ष रस्त्यावर असायचं."

त्यांनी काच खाली केली आणि ते तळं मागे पडेपर्यंत बघत राहिले.