आडवी चिंच

आई गेल्यावर नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले. लग्न केलं नव्हतं, आणि आईच्या लांबलेल्या आजारपणात मैत्रिणींचे फोनही हळूहळू बंद झाले होते. आठवडाभर सिन्नरच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या टूलरूममध्ये दिवस निघून जायचा. रविवार मात्र जाता जात नसे.

अशाच एका रविवारी आईचा जुना कूलर द्यायला भंगारवाल्याकडे गेले. तिथं पत्र्यांच्या ढिगाखाली एक चेनसॉ पडला होता. लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन. आपल्याकडे सगळे त्याला कटर म्हणतात. हल्लीचे प्लास्टिकचे हलके कटर असतात तसा नव्हता. अख्खा धातूचा, उचलताना मनगट वाकवणारा, रंग उडून गेलेला.

"चालू नाय व्हायचा ताई, लय जुना माल हाय," भंगारवाला म्हणाला.

"नाही झाला तर नाही झाला," म्हटलं, आणि कूलरच्या बदल्यात तोच घेऊन आले.

आयटीआयला माझा मशिनिस्टचा ट्रेड होता, पण असं इंजिन मी कधी उघडलं नव्हतं. जेवायच्या टेबलावर पेपर पसरून एकेक स्क्रू काढला. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं. आतला रबरी पडदा पापडासारखा कडक झालेला. तसा पडदा कुठेच मिळेना, शेवटी फवारणी पंपाचा आणून कापून बसवला. प्लग बदलला, ओढायची दोरी नवी घातली, चेनचा दातन् दात गोल कानशीनं घासला. जेवण मी ओट्याशी उभ्यानंच उरकायचे, कारण टेबलावर जागा नव्हती. आणि जागा नाही याचं मला बरं वाटायचं.

गच्चीवर दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तेव्हा कुठे ते मशीन एकदा खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. मी हसले, मोठ्यानं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले.

"मॅडम, काय चाललंय हे? भिंती हादरतायत!"

"बंद करते. दुरुस्त झालंय का, ते बघत होते."

ते मशीनकडे बघत राहिले. "पण तुम्ही कापणार काय याच्यानं?"

मी मशीन उचलून खाली घेऊन आले.

कापायला चिंच मिळाली, ती वादळानंतर. कारखान्यात पॅकिंगला असलेली एक बाई डबा खाताना सांगत होती, तिच्या मावशीच्या दारातली चिंच उन्मळून पडली, कोणी हात लावायला येत नाही. मावशी सिन्नरच्या पुढं मळ्यात एकटीच राहते. मी म्हटलं, "मी येते." ती आधी हसली, मग पत्ता दिला.

रविवारी पोत्यात बांधलेला कटर स्कूटरवर पायाशी ठेवून मी मळ्यात पोचले. म्हातारी दारातच उभी होती.

"मशीनवाला कुठंय?"

"मीच आहे मावशी."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. पाणी घे आधी."

चिंचेचं लाकूड म्हणजे दगड. फांद्या भराभर सुटल्या, पण बुंध्याशी चेन सारखी बोथट व्हायची. मग मशीन बंद करून, बुंध्यावर बसून, पुन्हा दात घासायचे. मशीन बंद झालं की म्हातारी बोलायला लागायची. ही चिंच तिच्या सासऱ्यानं लावलेली. मुलगी संगमनेरला, बोलावते पण हिचा पाय निघत नाही.

"तुझ्या घरी कोण हाय गं?"

"कोणी नाही."

ती उठून चुलीकडे वळली. जाता जाता म्हणाली, "भाकरी टाकते. जेवून जा."

चुलीपुढं बसून आम्ही दोघी जेवलो. कानात मशीनची घरघर अजून होती, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही, पण मी मान हलवत राहिले. निघताना बुंधा तसाच आडवा होता. "येईन एखाद्या रविवारी," म्हटलं. फोन नंबर घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मशीनमध्ये ठिणगीच पडेना. त्याच्या पुढच्या रविवारीही मी कॉइल बदलत बसले. अखेर ते चालू झालं आणि मी पुन्हा गेले, तर घराला कुलूप. बुंधा वखारवाल्यानं ओढून नेला होता. मातीत त्याचा चर दिसत होता. विहिरीजवळ एक जाड फांदी तेवढी राहिली होती. मी तिचे चुलीत मावतील असे तुकडे केले, आणि पावसानं भिजू नयेत म्हणून पडवीत रचून ठेवले.

सोमवारी डबा खाताना पॅकिंगवाल्या बाईला विचारलं. "मुलगी घेऊन गेली तिला," ती म्हणाली. "पण मावशी तुमची लय वाट बघत होती. दोन्ही रविवारी दोघींच्या भाकऱ्या टाकल्या म्हणे."

मी डब्याचं झाकण लावलं.

मावशीचा संगमनेरचा नंबर मी नंतर घेतला. एकदा आम्ही फोनवर बोललो. तिला कमी ऐकू येतं. मी कोण, ते तिला समजलं की नाही, कळलं नाही. "जेवलीस का?" एवढं मात्र तिनं विचारलं.