शून्य पुसण्याआधी

सुलभा सिस्टर कागदावर गुणाकार मांडण्याआधी उत्तर तोंडी सांगायला लावायच्या. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात मी नवीन नर्स म्हणून लागले, तेव्हा हा मला निव्वळ छळ वाटे. त्या खरवईहून रिक्षाने कामाच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी यायच्या आणि आल्या आल्या कुणाला तरी पकडायच्या.

"पहिला अंदाज बोल. कॅल्क्युलेटर कुठं पळत नाही."

त्यांचाच एक नियम होता. दशांशचिन्हाच्या उजवीकडचं शेवटचं शून्य लिहायचं नाही, कारण घाईत २.० चं कुणीतरी वीस वाचतं. मी तो इमानदारीने पाळत होते, आणि त्यातच फसले.

झटके येणारं एक बाळ आलं. वजन साडेसहा किलो. डॉक्टरांनी किलोमागे ०.४ एमएल लिहिलं होतं. मी पासष्ट चोक दोनशे साठ केले, शेवटचं शून्य पुसलं, मग दोन घरं मोजून चिन्ह दिलं. ०.२६. सिरिंजमध्ये तेवढं औषध ओढलंसुद्धा. बाळाची आई माझ्या हाताकडे बघत होती.

"थांब गं," सिस्टर म्हणाल्या. "सहा-साडेसहाचं अर्धं किती?"

"तीनच्या वर."

"आणि चार दशांश म्हणजे अर्ध्याहून थोडं कमी. मग तीनच्या आसपास यायला हवं. पाव कुठनं आलं?"

दोनशे साठला दोन घरं, म्हणजे २.६०. शून्य त्यानंतर पुसायचं होतं. दहापट कमी औषध मी त्या बाळाला दिलं असतं आणि झटके थांबले नसते. सिस्टरांनी सगळ्यांदेखत काही सुनावलं नाही. बाळ शांत झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "ते शून्यसुद्धा एका घरात राहतं. आधी घरं मोज, मग त्याला बाहेर काढ. आणि एकाहून कमीने गुणलं की आकडा आटतो, दूध आटतं तसा. पण किती आटला ते बघायचं." मी त्यांना मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या मागे घेतल्या.

दोन वर्षांनी, एका सकाळी सिस्टर पाच किलोच्या बाळाचा कागद घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या.

"पाच आठे चाळीस. एवढ्याशा जिवाला चाळीस एमएल? जरा वाच गं."

मी वाचलं. "किलोमागे शून्य पॉइंट आठ."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला नुसतं आठच दिसतंय," त्या म्हणाल्या. रिकामी सिरिंज त्यांनी माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी कधीच सिरिंज भरली नाही, आणि महिनाअखेरीस नोकरी सोडली. कुणी जा म्हटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, पण थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही.

त्या सकाळी मात्र सिरिंज देऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अंदाज बोल."

"पाचाहून थोडं कमी. चार."

"भर," म्हणाल्या, आणि बाळाचं डोकं धरायला वाकल्या.