तीन वाक्यांची साक्ष

नांदेड संपतं तिथे, पूर्वी कोंबड्यांची शेड होती त्या जागेत, एक ख्रिस्ती केंद्र चालतं. तुरुंगातून सुटलेले आणि दारू सोडू पाहणारे दहा-बारा पुरुष तिथे राहतात. बहुतेकांच्या बाबतीत ही दोन्ही माणसं एकच असतात. मी मराठीची निवृत्त शिक्षिका. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्यांना लिहायला-वाचायला शिकवायला जायचे. केंद्र चालवणाऱ्या पास्टरांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि माझ्याच गल्लीत राहायची. तिने गळ घातली तेव्हा मी तिला स्पष्ट सांगितलं, की माझा देवावर विश्वास नाही.

"असू द्या," ती म्हणाली. "आमच्याकडं निम्म्यांचा नाही. तुम्ही फॉर्म भरायला शिकवा."

सुटलेल्या माणसाला पहिले काही महिने फॉर्मच भरावे लागतात, हे मला तिथे कळलं. आधार, बँक, रेशन, भाड्याची खोली. 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी माझा वर्ग नेहमी थांबायचा. कुणी पेन खाली ठेवायचं, कुणी पाणी प्यायला उठायचं.

रविवारच्या प्रार्थनेनंतर तिथे साक्ष देण्याची पद्धत होती. एकाने उभं राहायचं आणि आपण काय होतो, आता काय आहोत, ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी दोन-चार वेळा ऐकल्या. मास्तरकी अंगात मुरलेली असल्याने मी त्यांची मनातल्या मनात रचना तपासायची. पहिला भाग लांबलचक, दुसरा दोन ओळींचा. आणि पहिल्या भागातलं दारूचं प्रमाण दर महिन्याला वाढत जायचं. एकदा मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, मागच्या खेपेला दोनच क्वार्टर व्हत्या की." शेजारचा म्हणाला, "महागाई वाढली." पास्टरसुद्धा हसले. ते बिलोलीकडचे, जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ. उपदेश मराठीत करत, पण प्रार्थना मनापासून करायची झाली की नकळत तेलुगूत शिरत.

त्या दहा-बारा जणांत एक किल्लारीकडचा होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं मोजकं. उन्हाळ्यात तो घरोघर जाऊन कूलरच्या जाळ्यांत नवीन गवत भरायचा. दारूच्या नशेत त्याने भांडणात एकाच्या डोक्यात काठी घातली होती आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला. शिक्षा भोगून झाली होती. दारू सुटून तीन वर्षं होत आली होती. तो आत असतानाच बायको आजारपणात गेली आणि मुलगी औश्याला त्याच्या बहिणीकडे वाढली. ती आता एकोणीस वर्षांची होती. अलीकडे ती त्याच्याशी फोनवर बोलायला लागली होती. आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी.

एका मार्चमध्ये तो माझ्याकडे कूलर भरायला आला असताना, जाळीला तार गुंडाळता गुंडाळता, मी न विचारताच बोलला.

"पोलीस आले तवा मी घरात पोटमाळ्यावर लपलो व्हतो. गोधड्यांच्या मागं. पोरगी सहा वर्साची. त्यांनी गोडीनं इचारलं, पप्पा कुठं हाय. तिनं बोट केलं वर."

मी चहा ठेवायला निघाले होते, ती थांबले.

"लई वर्सं त्या बोटाचा राग व्हता माझ्या मनात. बहीण तिला घेऊन भेटीला यायची. मी आतून न्हाई म्हनून सांगायचो. चार-पाच डाव परत पाठवलं. लेकराला. सांगा आता."

मी चहा दिला. पण मनात कुठेतरी, मला आज कबूल करायला लाज वाटते, मी म्हणाले होते: याची एकट्याची साक्ष ऐकण्याजोगी होईल.

ती संधी त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आली. केंद्राचा वर्धापनदिन होता. पास्टरांना असलं काही नको होतं, पण मदत देणाऱ्या मंडळींना हवं होतं. फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर पाहुण्यांचे फोटो मानाप्रमाणे लहानमोठे होते आणि उजव्या कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, येशू. मी त्यावर बरीच थट्टा केली. पास्टरांची बायको म्हणाली, "हसा. पण त्यावरच्या सगळ्यात मोठ्या फोटोवाल्यानंच छपराच्या पत्र्याचे पैसे दिलेत."

त्या दिवशी एकाच माणसाची साक्ष ठेवायची ठरली आणि ती त्याची. कारण त्याची बहीण आणि मुलगी पहिल्यांदाच नांदेडला येणार होत्या. त्याच्या मेव्हण्याने कबूल केलं होतं की सगळं ठीक दिसलं तर दिवाळीपासून त्याने औश्याला यावं. घरामागची खोली मोकळी करून देऊ. तीन वर्षांत त्याने दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. कायमच्या पत्त्याचा रकाना पहिल्यांदा भरण्याची शक्यता दिसत होती.

मी त्याला साक्ष लिहून आणायला सांगितलं. त्याने वहीचं अर्धं पान आणलं. त्यावर होतं: मी दारू पिऊन माणूस मारला. शिक्षा भोगली. आता पीत नाही.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच हाय की बाई."

"लोक लांबून येणार. पाच मिनिटं तरी बोलायला हवं."

मग मी ती लिहिली. दोन संध्याकाळी बसून, वाक्यं वाचून बघत, खोडत, पुन्हा लिहीत. इतक्या मनापासून मी कित्येक वर्षांत काही लिहिलं नव्हतं. फ्लेक्सवर हसणारी मी, मीसुद्धा एक फ्लेक्सच छापत होते. फक्त माझ्या अक्षरांना सावल्या नव्हत्या. पोटमाळा, ते बोट, परत पाठवलेलं लेकरू, सगळं त्यात आलं. मी त्याला वाचून दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"ह्ये ठिवायचंच का बाई? पोरीम्होरं कसं बोलू?"

मला वाटलं, लाजतोय. मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं, "जे बोलायला जड जातं तेच ऐकणाऱ्याच्या मनाला भिडतं."

त्याला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. आणि बाईंशी वाद घालायचा नसतो हे माझ्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं. त्याने ते पान आठ दिवसांत तोंडपाठ केलं. जाळ्या भरताना म्हणायचा म्हणे.

कार्यक्रम अकराचा होता, मुख्य पाहुणे एकला आले. शाली झाल्या, गुच्छ झाले. पाहुण्यांनी समाज, संस्कार आणि स्वतःचं बालपण या विषयांवर अर्धा तास घेतला. मुलगी तिसऱ्या रांगेत आत्याशेजारी बसली होती, फिकट पिवळ्या ड्रेसमध्ये. आल्या आल्या तिने बापाला वाकून नमस्कार केला होता आणि त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना झालं होतं. मेव्हणा खुर्च्यांच्या मागे उभा राहून पास्टरांना विचारत होता, "पाणी-बिनी शिंपडलं न्हाई ना ह्याच्यावर?" पास्टर म्हणाले, "त्यानं मागितलं नाही, आम्ही घाई केली नाही. पत्रावळ घ्या, जिलेबी गरम आहे."

मी स्टेजच्या बाजूला हातात तो कागद घेऊन बसले होते. विसरला तर सांगायला.

तो छान बोलत होता. दारूचं झालं, भांडणाचं झालं. मग तो थांबला. लोकांना वाटलं, त्याचा कंठ दाटून आलाय. मला वाटलं, विसरला. मी कागदावर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात पुढचे शब्द सांगितले: "पोलीस आले तेव्हा माझी सहा वर्षांची मुलगी..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तेव्हा वाचायला हवी होती. तो विसरलेला नव्हता. ते वाक्य सोडून पुढे जायला वाट शोधत होता. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग त्याने ते म्हटलं. सगळंच म्हटलं, शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

मुख्य पाहुण्यांनी रुमाल काढला. टाळ्या खूप वेळ चालल्या. त्या टाळ्यांच्या आत मी मुलीचा आवाज ऐकला, कारण तिची खुर्ची माझ्या बाजूच्या टोकाला होती.

"आत्या, मी दाखवलं होतं?"

"गप बस. मागनं बोलू."

"आन् भेटायला जेलचे साहेब सोडत न्हाईत म्हणायचीस तू."

आत्याने पदर तोंडाला लावला. मग कुठे मला उलगडलं. त्या लेकराला यातलं काहीच आठवत नव्हतं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून तेरा वर्षं ते तिच्यापासून दूर ठेवलं होतं. हे माहीत नव्हतं म्हणून ती सुखात होती असं नाही. पण हे ओझं तिच्यावर नव्हतं. ते दोनशे लोकांसमोर तिच्या अंगावर टाकलं गेलं, आणि शब्द सुबक होते.

जेवणं सुरू झाली. तो दोन्ही हातांत पत्रावळ धरून फाटकापाशी तिच्याकडे गेला. "मला भूक न्हाई," ती म्हणाली. तो पत्रावळ घेऊन तसाच उभा राहिला. जिलेबीचा पाक त्याच्या मनगटावरून ओघळत होता. ते लोक तीनच्या गाडीने गेले.

पास्टर मला त्याबद्दल एकदाच बोलले, तेही खुर्च्या एकावर एक रचताना. "बाई, साक्ष ज्याची त्यानं द्यायची असते." मुख्य पाहुण्यांनी मात्र भाषणाची प्रत मागवून घेतली.

दिवाळीत मेव्हण्याचा फोन आला. सोयाबीन येऊन पडलंय, खोली मोकळी नाही. सोयाबीन गेल्यावर तूर आली. तुरीनंतर हरभरा येणार होता. रविवारचा फोन बंद झाला होता. तो पुन्हा दारूकडे वळेल अशी सगळ्यांना धास्ती होती, पण तो वळला नाही. रोज उठून कामाला जायचा. मला तर ते जास्तच लागायचं. तो प्यायला असता तर निदान दोष दारूवर ढकलता आला असता.

फेब्रुवारीअखेर लातूरला एका लग्नाला गेले तेव्हा अक्षता पडल्या पडल्या मी निघाले आणि औश्याची बस धरली. मुलगी स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कामाला होती. पुढे चार माणसं होती. मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा तिने मान वर केली.

"तुम्ही त्या ना. कागद घेऊन बसलेल्या."

"हो," मी म्हणाले. "ते सगळं मी लिहिलं होतं. त्यांना बोलायचं नव्हतं. मी बोलायला लावलं. तेवढं सांगायला आले."

तिने प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढून काढला. "लई छान लिहिलंय," ती म्हणाली. टोमणा होता की नाही, आजही मला नक्की सांगता येणार नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी त्या दिवसापासून डोकं लावून राहिले. पोलीस आठवत न्हाईत. पोटमाळा न्हाई. घरसुद्धा नीट न्हाई. पन हातातली साखरपोळी आठवते. एका हातात साखरपोळी, दुसरा हात वर. साखर फरशीवर सांडायली, ते दिसतं मला."

साखरपोळी त्याने सांगितलेली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी ते वाक्य मला उघडंबोडकं वाटलं, म्हणून तिच्या हातात मी ती दिली होती. सांडणारी साखरसुद्धा माझीच. मुलगी निष्पाप आहे हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यावं म्हणून.

गप्प राहता आलं असतं. मागे उभा असलेला म्हातारा हातातलं आधारकार्ड काउंटरवर आपटत होता, आणि त्याचं निमित्त करून निघून जावं असं मला वाटलंही.

"ती पोळी खरी नाही," मी म्हणाले. "ती मी घातली."

तिने प्रिंटरचं झाकण लावलं.

"मग बाकीचं?"

"बाकीचं त्यांचं आहे. खरं आहे."

"कशावरनं?"

आयुष्यभर मी फळ्यासमोर उभी राहून संदर्भासहित स्पष्टीकरणं दिली. त्या काउंटरपाशी मला एकही सुचलं नाही. "त्यांनाच विचार," मी म्हणाले.

"विचारलं असतं," ती म्हणाली. "पन आता ते जे सांगतील ते तुम्हीच लिहून दिल्यासारखं वाटंल मला." मग म्हाताऱ्याकडे वळून, "हाव बाबा, आणा अंगठा." तिने त्याचा अंगठा ओल्या फडक्याने पुसला, यंत्रावर दाबून धरला. लागला नाही. तिने पुन्हा पुसला.

नांदेडला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर गेले. तो अंगणात उकिडवा बसून पहिल्या उन्हाळी कामाच्या जाळ्या भरत होता. मी औश्याला जाऊन आल्याचं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"बोलली?"

"बोलली."

"काय म्हनली?"

मी सांगितलं. पोळीचं सांगितलं, ती माझी होती हेही, आणि तिचं शेवटचं वाक्य तिच्याच शब्दांत. मध्ये काही घातलं नाही, शेवटी काही जोडलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. जाळीतून बाहेर आलेल्या गवताच्या चार काड्या त्याने आत दाबल्या.

"बरोबर हाय तिचं," तो म्हणाला, आणि तारेचं टोक शोधू लागला.