चकतीचा दोष नव्हता

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्हा दोघा भावांचा छोटा कारखाना होता. एका प्रयोगशाळेने आमच्याकडे एक नळी बनवायला दिली. मागच्या कप्प्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन पेटवायचे. दाब वाढला की मधली पातळ चकती फाटायची आणि पुढचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने समोरच्या पत्र्यावर आदळायचा. आकाशातला कचरा उपग्रहाला लागला तर काय होईल, ते त्यांना बघायचं होतं.

चकती फाटताना तिचे तुकडे उडायचे आणि पत्रा नासायचा. मी म्हटलं, चकती जाड करू. धाकट्याने तिच्यावर फुलीसारखी खाच पाडली. चकती चार पाकळ्यांनी उमलली, एक तुकडा सुटला नाही. प्रयोगशाळेचे साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास!" त्यानंतर त्यांचे फोन त्यालाच यायचे. लेथ चालवायला त्याला मीच शिकवलं होतं. साहेब आले की मी चहा सांगायचो.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावायचो. कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून आधी तुपाचं बोट.

"दादा, नळीला नको लावूस हां," तो म्हणाला. "ऑक्सिजनला तेल-तूप चालत नाही. भडका उडेल."

"आता पूजेलाही साहेबांची परवानगी लागणार का रे?"

"साहेबांची नाही, माझी," तो हसत म्हणाला.

कामगारही हसले. तो जेवायला गेल्यावर मी निरांजनात बोट बुडवलं आणि नळीवरच्या ऑक्सिजनच्या जोडाचे आटे आतून तुपाने माखले. वर कुंकू लावलं. फार तर चाचणी फसेल, साहेबांसमोर त्याचं तोंड एवढंसं होईल, एवढंच मनात होतं.

दसऱ्यानंतरच्या चाचणीत ऑक्सिजन सोडताच जोड पेटून उडाला. धाकटा शेजारीच उभा होता. त्याचा डावा कान कायमचा गेला, उजवा अर्धा. खाच खोल गेली, चकती आधीच फाटली, असं सगळ्यांनी ठरवलं. काम दुसरीकडे गेलं. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर साहेबांचे फोन थांबले तेव्हा मला बरंही वाटलं.

आता तो मुलुंडला असतो. परवा गेलो तेव्हा त्याचा नातू शाळेसाठी रॉकेट बनवत होता. म्हणाला, "आजोबांनाच नको विचारायला, त्यांची चकती फुटली होती ना!" धाकटाही हसला. मला ते हसणं बघवेना. नातू खेळायला गेल्यावर मी धाकट्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "चकती नव्हती रे. तूप होतं. मी लावलेलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "उडालेल्या जोडावर कुंकू दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भक्तीने केलंस, दादा. विसरला असशील मी सांगितलेलं. पूजेवर काय खापर फोडायचं?"

इतकी वर्षं मनातल्या मनात त्याने मला माफ करून टाकलं होतं, आणि मी मात्र त्याच्या खाचेवर जळत बसलो होतो. त्या क्षणीसुद्धा त्याच्या मोठेपणाचा मला हेवाच वाटला. तिथेच गप्प बसलो असतो तर त्याचा दादा राहिलो असतो.

"विसरलो नव्हतो," मी म्हटलं. "पूजा नव्हती ती. साहेब तुझ्याशी बोलायचे, ते मला सहन होत नव्हतं."

त्याने उजव्या कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, टीपॉयवर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी आणखी काही बोललो, पण ते त्याला ऐकू गेलं नाही.