मामांच्या घड्याळाचा पट्टा

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर सासऱ्यांचा डावा हात लुळा पडला आणि नेमका त्याच सुमाराला त्यांच्या घड्याळाचा पट्टा तुटला. घड्याळ चावी द्यायचं, पठाणकोटला फौजेत असताना घेतलेलं. घामानं पट्ट्याचं चामडं पार कुजलं होतं. कराडजवळच्या मलकापूरच्या घरात तेव्हा आम्ही दोघंच. नवरा लडाखला ड्युटीवर. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा बाहेरच्या सोप्यातून दारात, दारातून सोप्यात फेऱ्या घालायचे आणि मोकळ्या मनगटाकडं बघायचे.

एका हातानं चढवता येईल म्हणून मी कराडातून स्टीलची ताणणारी चेन आणली. त्यांनी थोडा वेळ घातली आणि काढून ठेवली.

"केस उपटत्यात. मला चामड्याचाच पायजे."

चामड्याचा आणला, तर बकल एका हातानं लागेना. मामांनी मनगट टेबलाच्या कडेला दाबून बघितलं, पट्ट्याचं टोक दातात धरून बघितलं. टोक बकलापाशी यायचं आणि निसटायचं. मी पुढं झाले.

"मामा, मी लावते की."

"न्हाई."

"आवं, त्यात काय एवढं?"

"सदऱ्याची बटणं तूच लावतीस. घड्याळ तरी माझं मला घालू दे."

त्यानंतर मलाही चैन पडेना. नवरा फोनवर म्हणाला, "वेलक्रोचं डिजिटल घेऊन टाक." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना." त्यानं तिकडच्या थंडीचा विषय काढला. शेजाऱ्यांना मामांकडं बघायला सांगून माहेरी सांगलीला गेले तरी आईशी धड बोलणं नाही. दोन दिवस घड्याळांची दुकानं पालथी घातली. सगळीकडं तेच बकल.

मग मामांच्या औषधांसाठी साताऱ्याला जावं लागलं. पोवई नाक्याजवळच्या दुकानात माझ्या आधीच्या गिऱ्हाइकानं सेल बदलायला घड्याळ काढलं. पट्टा चामड्याचा, पण खाली चेनसारखं घडी होणारं लॉक. दाबलं की टक्कन बंद.

"हे, हेच पाहिजे मला," मी जवळजवळ ओरडलेच.

दुकानदाराकडं तपकिरी रंगात एक निघाला. माप घ्यायला जुना तुटका पट्टा माझ्या पर्समध्ये होता. मामांचं मनगट आता वाळलंय, म्हणून एक भोक आत घ्यायला सांगितलं. एसटीत पुडी हातातच धरून बसले. हाही नको म्हणाले तर?

घरी मी पट्टा घड्याळाला जोडून दिला. मामांनी लुळा हात पट्ट्यात सरकवला, मांडीवर दाबला. टक्. उघडला, परत दाबला. संध्याकाळपर्यंत सोप्यातून तोच आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते. बाहेर आले तर सोपा रिकामा. झटक्यानंतर ते एकटे उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. गॅस बंद केला आणि तशीच रस्त्यानं निघाले. ट्रकचा हॉर्न वाजला की वळून बघत होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी मामा उभे दिसले. एक माणूस वेळ विचारत होता, आणि ते उजव्या हातानं डावं मनगट उचलून डोळ्यांजवळ नेत होते.

त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "का गं? काय झालं?"

"काही नाही. कोथिंबीर घ्यायला आले."

"पिशवी कुठाय मग?"

मी माझ्या मोकळ्या हातांकडं बघितलं. ते हसले, बऱ्याच दिवसांनी. शेजारच्या भाजीच्या गाड्यावरून मी खरंच एक पेंडी घेतली आणि त्यांच्या चालीनं, हळूहळू घराकडं वळले.